बांधापलीकडचा हिशेब

मार्च महिन्यात केज-कळंबच्या बाजूला कुठल्याही आडरस्त्यानं गेलं की काळ्या, भेगाळलेल्या रानात एखादं शेत हिरवंगार दिसतं. कडेनं तारेचं कुंपण, मध्ये ठिबकवरची फळबाग, कोपऱ्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेलं काठोकाठ भरलेलं शेततळं. मालक कष्टाळू असतो, हिशेबी असतो, बँकेचा हप्ता चुकवत नाही, मुलीला शिकायला लातूरला ठेवतो. बाहेरगावचे शेतकरी सहल काढून त्याची बाग बघायला येतात. या शिवारात टिकाऊ शेती कुणाची, असं विचारलं तर गाव त्याच्याकडेच बोट दाखवतं.

त्याच दिवसांत त्याच्या बांधाला लागून असलेल्या विहिरीचा तळ उघडा पडलेला असतो. कारण हे शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरलेलं नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास, जमिनीच्या पोटात पाणी असताना, दोन-तीन बोअर रात्रंदिवस चालवून ते उपसून वर आणून ठेवलेलं आहे. शेजाऱ्यानं हरभऱ्याला एक पाणी दिलं आणि दुसऱ्या पाण्याच्या वेळी त्याची मोटर हवा ओढायला लागली. पहिली शेती टिकाऊ ठरवायची, तर दुसरी कुणामुळे मोडली? मराठवाड्यातल्या शेतीचं भवितव्य जोखताना मला सगळ्यात कळीचा प्रश्न हाच वाटतो: मोजायचं ते कुठल्या बांधापर्यंत?

मोजमापाची साधनं जगात कमी नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये 2.4.1 क्रमांकाचा एक निर्देशक आहे. देशातल्या शेतजमिनीपैकी किती जमिनीवर उत्पादक आणि टिकाऊ शेती होते, हे त्यातून काढायचं. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं बसवलेली त्याची पद्धत 2018 साली मान्य झाली. तीत अकरा बाबी तपासतात. उत्पादन किती, नफा उरतो का, संकट आलं तर तग धरता येतो का, मातीची तब्येत, पाण्याचा वापर, खतांचं आणि कीटकनाशकांचं प्रदूषण, जैवविविधता, मजुरांना मिळणारी मजुरी, घरातली अन्नाची शाश्वती आणि जमिनीवरचा हक्क. प्रत्येक बाबीला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. या पद्धतीतला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. अकरा बाबींची सरासरी काढून झाकपाक करायची नाही. जी बाब सगळ्यात दुबळी, तिच्यावरून निकाल लावायचा. एकरी उतारा कितीही चांगला असो, माती संपत चालली असेल तर शेती लालच.

पण माहिती गोळा करायची ती एकेका शेताची. कुणाच्याही एकट्याच्या वापरात नसलेली सामाईक जमीन तिच्या बाहेर राहते. गायरान सुटलं, ओढा सुटला, आणि जमिनीखालून एका सर्व्हे नंबरातून दुसऱ्यात वाहणारं पाणीही हातातून सुटलं. आपल्या बागायतदाराला विचारलं, पाणी कमी पडतं का? त्याचं प्रामाणिक उत्तर असेल, नाही पडत. झालं, रंग हिरवा. शेजाऱ्याचा रंग लाल. एकाच पाण्याच्या दोन टोकांना बसलेल्या दोन माणसांची ही दोन वेगळी उत्तरं म्हणून नोंदली जातात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे तक्त्यात कुठेच दिसत नाही.

हे जमिनीखालचं पाणी इथे कसं वागतं, ते आधी पाहू. मांजरा नदी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या रांगेत उगम पावते आणि बीड, धाराशिव, लातूर असं करत पुढे कर्नाटक-तेलंगणाकडे जाते. हा सगळा मुलूख बसाल्ट खडकाचा. वर मुरूम आणि झिजलेला खडक, त्याखाली कठीण काळा पाषाण. पाणी मुख्यतः वरच्या साठ-सत्तर फुटांत मुरतं, तेच आपल्या जुन्या विहिरींचं पाणी. खालच्या पाषाणात ते फक्त फटींमध्ये असतं. पाणाड्यानं जागा दाखवली, सहाशे फूट खाली गेलं आणि बोअरला पाणी लागलं, तरी तो झरा बारमाही निघेल याची काही हमी नाही. वर्षानुवर्षं साठलेलं पाणी दोन उन्हाळ्यांत उपसून झालं की बोअर आटतं, आणि शेतकरी आठशे फुटांचं नवं बोअर घेतो. लातूर भागात हे इतकं सर्रास झालंय की ‘बोअर फेल गेलं’ हे वाक्य ज्वारीचा भाव सांगावा तसं सहज कानावर पडतं. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला बंदी आहे. कायदा 2014मध्ये अमलात आला, नियमांचा मसुदा 2018मध्ये निघाला. बोअर पाडणाऱ्या गाड्या मात्र गावोगाव हिंडतच राहिल्या.

पाण्याचा हिशेब शेताचा न मांडता गावाचा मांडला तर काय दिसतं, ते एका उदाहरणानं करून पाहू. एक हजार हेक्टरांचं शिवार आणि वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरू. म्हणजे शिवारावर 70 लाख घनमीटर पाणी पडलं. बसाल्टात त्यातलं साधारण दहा टक्के मुरतं असं मानलं, तर जमिनीखाली गेलं सात लाख घनमीटर. गावात दोन हजार माणसं आणि आठशे जनावरं. माणशी रोज 55 लिटर आणि जनावरामागे 50 लिटर धरले तर वर्षाला 55 हजार घनमीटर लागतात. उरले सुमारे साडेसहा लाख. एक हेक्टर उसाला पावसाशिवाय वरून 15 हजार घनमीटर पाणी द्यावं लागतं असं धरू. पाटानं देणारा याहून जास्त देतो. या हिशेबानं अख्ख्या शिवारात 43 हेक्टर ऊस बसतो, आणि त्यानंतर कुणालाही एक थेंब उरत नाही. तेच पाणी रब्बी ज्वारी-हरभऱ्याला दोन वेळा, हेक्टरी दीड हजार घनमीटर असं दिलं, तर 430 हेक्टर भिजतात. दहापट जमीन. आणि 43 हेक्टर ऊस गावातल्या तीस-चाळीस घरांत मावतो, तर 430 हेक्टरांत जवळपास सारं गाव येतं.

हे गणित गावातल्या दहावीच्या मुलांनाही मांडता येईल. तरीही ऊस का वाढतो? कारण उसाला कारखाना आहे, रास्त व किफायतशीर दराचा कायदेशीर आधार आहे, आणि तो गारपिटीनं किंवा अवकाळीनं एका रात्रीत हातचा जात नाही. सोयाबीनचं तसं नाही. 2024च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याच्या खालीच विकायची वेळ शेतकऱ्यांवर आली. ज्याला पाणी आहे तो ऊस लावतो, यात त्याच्या शहाणपणाचा काही दोष नाही. मराठवाड्यातून ऊस हद्दपार करावा अशी शिफारस 2019मध्ये विभागीय आयुक्तालयानं सरकारला केली होती. पुढे ती तशीच पडून राहिली. उसाच्या जागी जे पीक घ्या म्हणायचं, त्याला उसासारखाच आधार द्यायची तयारी नसेल, तर अशा शिफारशीतून शेतकऱ्यालाच गुन्हेगार ठरवल्यासारखं होतं. मला ते मान्य नाही. पण गावाच्या हिशेबात 43 हेक्टरांची मर्यादा खरी आहे, आणि ती मोडली की काय होतं ते आपण 2016च्या एप्रिलमध्ये पाहिलं. मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं, म्हणजे 500 घनमीटर. एक हेक्टर ऊस दोन आठवड्यांत याहून जास्त पाणी पितो.

शेततळ्याचाही हिशेब करून पाहावा. सरकारी अनुदानातलं मोठं तळं साधारण तीस बाय तीस मीटरचं आणि तीन मीटर खोल. मार्च ते मे या तीन महिन्यांत मराठवाड्याच्या उन्हात रोज सात-आठ मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. नव्वद दिवसांत सत्तर सेंटिमीटर. खोलीचा जवळपास चौथा हिस्सा. म्हणजे सावलीत, जमिनीच्या पोटात असलेलं पाणी वीज जाळून वर काढायचं आणि त्यातलं चौथाई उन्हाला द्यायचं. तरी हे चालतं, कारण जमिनीखाली ठेवलेलं पाणी आपलं राहत नाही, शेजारी ओढून नेतो. तळ्यात आणलेलं मात्र आपलं. 1882च्या सुखाधिकार कायद्यापासून ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी अशी समजूत रुजली आहे. ती न बदलता अनुदान वाटत गेलो, तर आपण शेजाऱ्याशेजाऱ्यात शर्यत लावून देतो. ओढ्याचं किंवा रानातून वाहून जाणारं पाणी अडवणारं शेततळं उत्तम. बोअरनं भरलेलं तळं म्हणजे सामाईक पाणी खासगी करण्याची सोय. सरकारी नोंदीत दोन्ही ‘शेततळी’ या एकाच रकान्यात मोजली जातात.

पाण्याची बांधावरून अशी पळवापळवी होते, तर मातीची आजच्या आणि उद्याच्या हंगामात होते. काळ्या रानात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला की ती माती कमी प्रतीची मानतात. 2015पासून मृद आरोग्य पत्रिका निघाल्या. बारा घटक तपासून कुठलं खत किती टाका ते त्यात लिहिलेलं असतं. योजना चांगली होती. पण कोरडवाहू भागात मातीचा एक नमुना दहा हेक्टरांमागे घ्यायचा असा नियम ठरला. 2015-16च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी खातं 1.34 हेक्टरांचं आहे. म्हणजे एका नमुन्यावर सात-आठ शेतकऱ्यांच्या पत्रिका. कुणाचं रान माळावर, कुणाचं ओढ्याकाठी, आणि पत्रिका एकच. ती कपाटात पडून राहिली यात नवल नाही. तिथे मोजायचं एकक फार मोठं झालं. पाण्याला एका शेताचं एकक लहान पडतं, तर मातीला दहा हेक्टरांचं मोठं पडतं.

माती का खालावली, याचं उत्तर मात्र प्रयोगशाळेत जायच्या आधी गोठ्यात मिळतं. पूर्वी इथे खरिपात ज्वारी, मूग, उडीद, तूर असायची. ज्वारीनं माणसाला भाकरी आणि बैलाला कडबा दिला. बैलानं शेण दिलं, शेण उकिरड्यावर कुजलं आणि वैशाखात गाडीनं रानात गेलं. सोयाबीन आलं आणि खरीप ज्वारी जवळजवळ संपली. सोयाबीनच्या भुसाला कडब्याची सर नाही. वैरण नाही म्हणून बैल विकले. बैल विकले म्हणून शेणखत विकत घ्यायची पाळी आली. लातूर जिल्ह्यातल्या देवणी तालुक्याचं नाव जिच्यामुळे देशभर झालं ती देवणी आणि नांदेडकडची लाल कंधारी, दोन्ही जाती आज हौशी पशुपालकांच्या आणि प्रदर्शनांच्या आधारानं टिकल्या आहेत. सोयाबीन नत्र स्थिर करतं, त्यानं दोन दशकं या भागाच्या हातात रोख पैसाही दिला, हे खरंच आहे. त्या पैशातून घरं बांधली गेली, पोरं शिकली. त्या पिकाला नावं ठेवायची माझी तयारी नाही. पण दरवर्षी तेच पीक, रोटाव्हेटरनं भुगा केलेली माती आणि शेणाचा अभाव, हे तिन्ही एकत्र आलं की पावसाचं पाणी मुरायचं थांबतं. पाणी मुरत नाही ते वाहतं, आणि जाताना माती घेऊन जातं.

2025च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा परंडा, भूम, माढ्याकडे शेतंच्या शेतं खरडून गेली. काही ठिकाणी खाली नुसता मुरूम उरला. शासनानं खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंत मदत जाहीर केली. मदत हवीच होती. मात्र एक इंच माती तयार व्हायला काही शतकं लागतात. जी माती गेली ती त्या शेतकऱ्याची एकट्याची नव्हती, त्याच्या नातवंडांचीही होती, आणि त्यांच्या नावानं कुठल्याच पंचनाम्यात रकाना नसतो. तशा महापुरात चांगली मातीसुद्धा टिकली नसती, हेही मान्य. पण दरवर्षीच्या साध्या, जोरकस सरीनं बांध फुटून जी माती ओढ्यात जाते तिचा पंचनामा कधीच होत नाही, आणि वीस-तीस वर्षांत तीच बेरीज पुरापेक्षा मोठी होते.

आता माणसांचा हिशेब. बालाघाटावरच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांत दिवाळी सरली की घरांना कुलपं लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात किंवा खाली मांजरेच्या पट्ट्यात ऊस तोडायचा. गावाकडे दोन-तीन एकर कोरडवाहू रान असतं, आणि त्याच्या सातबाऱ्यावरून हे कुटुंब शेतकरीच असतं. कारखान्याच्या पट्ट्यातली शेती नफ्यात दाखवायची, तर तिच्या खर्चात हा कोयता किती धरायचा? 2019मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि त्यासाठी समिती नेमली गेली. ऐंशी हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळी आली, दुखणं आलं तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. उसाच्या एकरी ताळेबंदात ही बाई कुठेही नाही. जागतिक निर्देशकात मजुरीची बाब आहे, पण ती शेतमालकाला विचारायची. ऊस तोडणारीचा मालक कोण, शेतकरी, कारखाना की मुकादम, हे तिलाही कुणी धडपणे सांगत नाही.

शेतीवर घर चालतं, या समजुतीलाही आकड्यांनी धक्का दिला आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2018-19च्या अहवालात देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये आलं. त्यात मजुरी-पगाराचे 4,063 आणि पिकाचे 3,798. शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो. मग एखाद्या प्रदेशातली शेती ‘टिकून आहे’ असं दिसतं तेव्हा तिला पुण्याच्या बांधकामावरची मजुरी, मुलाची चाकणची नोकरी आणि उचल यांनी टेकू दिलेला असू शकतो. तो टेकू वाईट आहे असं नाही. पण तो न मोजता शेतीला टिकाऊ म्हणणं खोटं आहे.

बटईनं करणाऱ्यांचं तर नावच लागत नाही. निम्म्या वाट्यानं रान कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून त्याला पीककर्ज नाही, अनुदान नाही, नुकसानीचा पैसा मालकाच्या खात्यात. दोन वर्षांनी रान हातात राहील याची खात्री नसेल तर तो शेणखत कशासाठी घालेल? मातीचं आरोग्य आणि कुळाचं अनारोग्य इथे एकमेकांत अडकलेलं आहे. बाईचंही तसंच. पेरणीपासून राशीपर्यंत राबते ती, आणि शेतकरी म्हणून नोंद होते नवऱ्याची.

याच भागात बायकांनी केलेलं एक काम मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं. 1993च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था लातूर-धाराशिवकडे रुजली. पुढे दुष्काळाच्या वर्षांत तिथल्या बायकांनी घरात एक मागणी मांडली: अर्धा-एक एकर रान आमच्याकडे द्या, त्यात काय पेरायचं ते आम्ही ठरवू. त्या एकरात त्यांनी ज्वारी, तूर, मूग, भाजीपाला अशी मिश्र पिकं घेतली, कमी पाण्यावर, घरच्या खतावर. 2016मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एकरी रोख नफ्याच्या तक्त्यात हे शेत बहुधा उसाच्या खाली लागेल. पण पावसानं दगा दिलेल्या वर्षी ज्या घरात खायला डाळ आणि भाजी आहे, त्या घराला सावकाराची पायरी उशिरा चढावी लागते. शेतीनं आधी घर जेवू घालावं, हे इथे बाईनं ठरवलं. ते ठरवायचा हक्क तिला मिळाला, हे मला पिकाच्या यादीपेक्षा मोठं वाटतं.

बांधापलीकडे हिशेब मांडायचे प्रयोग महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वीच सुरू केले होते. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे अभियंते पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि 1974पासून तिथे पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचं; माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. इतका मूलगामी विचार कुठल्याही सरकारी जलधोरणात उतरल्याचं मला दिसत नाही, आणि तो आपल्या मातीत उगवला याचा अभिमान बाळगण्यापलीकडे आपण त्याचं फारसं काही केलं नाही, याचं दुःख वाटतं.

हिवरे बाजारनं त्यातला एक धागा पुढे नेला. चारशे मिलिमीटरांच्या आसपास पावसाचं ते गाव. पोपटराव पवार 1989मध्ये सरपंच झाले. पुढे पाणलोटाचं काम झालं, शेतीसाठी बोअर बंद झाली, ऊस आणि केळी बंद झाली. भूजल यंत्रणेच्या मदतीनं दरवर्षी गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि पाऊस किती पडला यावरून रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. एका भल्या माणसाच्या पुण्याईवर सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही. त्यामागे एक कार्यपद्धती आहे: मोजणी, ती जाहीर करणं, आणि तिच्यावरून पेरणी ठरवणं. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही 2018पासून पाच हजारांवर गावांचे पाण्याचे ताळेबंद झाले. पण बहुतेक गावांत मोजणी प्रकल्पाच्या आराखड्यासाठी झाली. आराखडा मंजूर झाला, कामं झाली, आणि कुणी किती उपसायचं हे कुणीच ठरवलं नाही.

त्यामुळे नवा निर्देशक शोधण्यापेक्षा हाताशी असलेलं मोजमाप ग्रामसभेसमोर आणणं मला तातडीचं वाटतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. आकडे आहेत, ते जिल्ह्याला जातात. ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. त्यांच्या शेजारी गावात किती हेक्टर ऊस उभा आहे, किती तळी बोअरनं भरतात, किती घरं तोडीला गेली, बटईनं किती रान कसलं जातं, हेही लिहावं. यातला एकही तपशील शोधायला बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. तलाठी, अंगणवाडी सेविका आणि दोन म्हातारे शेतकरी एका संध्याकाळी सगळं सांगू शकतात. घाई आहे ती तारखेची. पूर्वहंगामी उसाची लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, आणि तळी भरायला बोअर सुरू होतात तीही तेव्हाच. ऑक्टोबरचा आकडा गावात यायला जानेवारी उजाडली तर ऊस लागलेला असतो आणि पाणी प्लास्टिकच्या कागदावर चढलेलं असतं. विहिरी मोजल्यापासून पंधरा दिवसांच्या आत ग्रामसभा भरली पाहिजे, आणि त्या सभेला बटईवाले आणि कोयता घेऊन निघायच्या तयारीत असलेल्या बायकाही हजर हव्यात.